माणसावर येणारा लाल्या

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण कापसाच्या खरेदीवर बोललो, पीकविम्यावर बोललो. आता जेवणं झाली आहेत, मंडपात ऊन आलं आहे आणि मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी डोळे मिटले आहेत. त्यांना उठवू नका. आज ज्या विषयावर बोलायचं आहे, त्यात झोपेला मोठा मान आहे.

विषय थकव्याचा आहे. दिवसभर डवरा हाणला, संध्याकाळी अंग दुखलं, भाकरी खाल्ली, झोपलो आणि सकाळी परत धुऱ्यावर उभे राहिलो, तो थकवा आपल्या ओळखीचा आहे. त्याची तक्रार आपण कधी केली नाही. आम्ही बोलणार आहोत तो थकवा झोपून जात नाही. माणूस आठ तास पडून राहतो आणि उठतो तेव्हा रात्री होता तितकाच थकलेला असतो. कामावरून मन उडतं, माणसांवरून मन उडतं, आणि आपण करतो त्याचा काही उपयोग नाही असं वाटू लागतं. आपल्याकडे म्हणतात, जीव मेटाकुटीला आला. शहरात त्याला बर्नआउट म्हणतात.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आमच्यावरून गेलं आहे, ते आधी सांगतो.

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. दिवाळीनंतर आम्ही तिघे कार्यकर्ते रोज चार-पाच गावं करत होतो. बियाण्याच्या तक्रारीचे अर्ज भरून घ्यायचे, पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या मागे लागायचं, संध्याकाळी सभा, आणि अकरा वाजता घरी. घरच्या शेतात काय चाललं आहे, हे घरचेच बघत होते. पौषात एका गावी पारावर एक म्हातारे शेतकरी आमच्यापुढे येऊन बसले. किती एकर कपाशी, किती बोंडं किडली, मुलीचं लग्न कसं पुढे ढकललं, असं ते सांगू लागले. आम्ही त्यांना मध्येच तोडलं. म्हणालो, 'सातबारा आणलात का? नसेल तर पुढच्याला बसू द्या.' ते उठले, धोतराचा सोगा झटकला आणि काही न बोलता निघून गेले. आम्हाला त्याचं वाईटही वाटलं नाही. रात्री मोटारसायकलवर घरी येताना ध्यानात आलं, की आपल्याला वाईट वाटलं नाही. तेव्हा मात्र भीती वाटली. ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं, तेच आता आम्हाला ओझं वाटत होते.

माघात तेच गृहस्थ हुरड्याची पिशवी घेऊन कार्यालयात आले. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, 'भाऊ, कपाशीवर येतो तसा तुमच्यावर लाल्या आला. बोंडं जास्त झाली.' कृषी महाविद्यालयात चार वर्षं शिकून आम्हाला जे सुचलं नाही, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

लाल्या म्हणजे काय?

तुमच्यापुढे लाल्याची माहिती सांगायची म्हणजे आजोळच्या गोष्टी आजीला सांगायच्या. तरी दोन शब्द सांगतो, कारण इथे चूक होते. पान लाल दिसलं की आपण कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदार देईल ते कीटकनाशक फवारतो. तुडतुड्यानेही पान लाल होतं, तो भाग वेगळा. पण खरा लाल्या ही कीड नाही. झाडावर बोंडं भरपूर धरलेली असतात, ती अन्न ओढतात. जमिनीत ओल कमी असते, मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडतं, रात्री थंड होऊ लागतात. मागणी वाढते आणि मुळं पुरवू शकत नाहीत. मग झाड पानातलं काढून बोंडाला देतं आणि पान लाल होतं. म्हणजे हा रोग आळशी झाडाला होत नाही. ज्याने भरपूर माल धरला, त्यालाच होतो.

माणसाचंही तसंच आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये गरिबांच्या मोफत दवाखान्यात रात्री फुकट काम करायचे. बरोबरचे स्वयंसेवक वर्षभरात कोरडे पडतात, चिडतात, रुग्णांवर वैतागतात, हे त्यांनी पाहिलं. ते स्वतःही त्यातून गेले. 1974 साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि बर्नआउट हा शब्द तिथून रूढ झाला. पुढे क्रिस्टिना मॅसलॅक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या. पहिली, अंगातलं आणि मनातलं बळ संपणं. दुसरी, माणसांविषयी कोरडेपणा येणं. तिसरी, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पारावरचा आमचा प्रसंग ही दुसरी खूण होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आपल्या रोगांच्या वर्गीकरणात याची नोंद घेतली. हा आजार नाही, कामाचा ताण दीर्घकाळ आवरला न गेल्याने होणारी अवस्था आहे, असं तिथे म्हटलं आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे नोकरीचं काम असेल. शेती हेही कामच आहे, आणि त्याला रविवार नाही.

सकाळची परीक्षा

साधा थकवा आणि हा थकवा यातला फरक कसा ओळखायचा? भाद्रपदाच्या उन्हात दुपारी दोन वाजता कपाशी मान टाकते. नवखा माणूस घाबरतो. जुना शेतकरी म्हणतो, उद्या सकाळी बघू. सकाळी झाड ताठ उभं असेल तर जमिनीत ओल आहे, दुपारचं नुसतं ऊन होतं. सकाळीही मान खाली असेल तर ओल संपली. मग वाट बघून भागत नाही.

स्वतःला ही परीक्षा लावा. संध्याकाळी सगळेच थकतात. सलग दोन-तीन आठवडे सकाळी उठतानाच मान खाली असेल, तर तुमची ओल संपली आहे. घरच्यांनीही एकमेकांची सकाळ बघावी, कारण ज्याचं त्याला कळत नाही. आम्हाला कळलं नव्हतं.

कोरडवाहूलाच जास्त का?

शास्त्र असं सांगतं, की नुसत्या जास्त कामाने माणूस इतका खचत नाही. काम जास्त आणि आपल्या हातात काही नाही, हे दोन्ही एकत्र आलं की खचतो. आता आपली शेती बघा. पाऊस आपल्या हातात नाही. बियाण्याचा आणि खताचा भाव दुसरा ठरवतो. कर्जाची तारीख दुसरा ठरवतो आणि मालाचा भावही दुसराच ठरवतो. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेने लोकांनी कापूस घरात भरून ठेवला आणि भाव उतरत गेला. घरात कापूस, पोराबाळांच्या अंगाला खाज, आणि रोज सकाळी एकच चौकशी, आज काय भाव? असे महिने काढले, तर कोणाच्या पानात हिरवा रंग राहील?

म्हणून कोणी शहाणा येऊन सांगतो, मन प्रसन्न ठेवा, सकारात्मक विचार करा, तेव्हा आम्हाला लाल्यावर कीटकनाशक फवारणारा दुकानदार आठवतो. शेतकऱ्याच्या ताणाचं मूळ भावात आणि कर्जात आहे, ते त्याच्या स्वभावात नाही. मनाचे उपाय सांगून भावाची लढाई कोणी गुंडाळणार असेल, तर आपण ते चालू देणार नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. भावाची लढाई लांबची आहे. ती जिंकेपर्यंत आपण आणि आपली घरं शाबूत राहिली पाहिजेत. 'भाव मिळाला की सगळं ठीक होईल' असं म्हणून आम्हीही दहा वर्षं हा विषय टाळला. त्यात माणसं गेली. तेव्हा भावासाठी भांडायचं, आणि भांडता भांडता स्वतःला सांभाळायचं. दोन्ही कामं बरोबर चालली पाहिजेत.

झाड काय करतं?

आम्ही पहिल्यांदा काय केलं, तर आठ दिवस बहिणीच्या गावी जाऊन राहिलो. खूप झोपलो. बरं वाटलं. परत आलो आणि तिसऱ्या दिवशी जसेच्या तसे. कारण ओझं जिथे ठेवलं होतं तिथेच होतं. नुसत्या विश्रांतीने हा थकवा जात नाही, तो ओझं कमी झाल्यावर जातो.

पावसाचा खंड पडला की कपाशी पाते टाकते, लहान बोंडं टाकते. आपल्याला पोटात कालवतं. पण आहे त्या ओलीत किती बोंडं पोसतील, तेवढीच झाड ठेवतं. पाऊस परतला की नवे पाते धरतं. ज्वारीही खंडात पान गुंडाळून वाढ थांबवते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. पाते टाकायला झाडाला लाज वाटत नाही, आणि आपण मात्र सगळी बोंडं धरून बसतो. मक्त्याचं रान सोडलं तर लोक काय म्हणतील, मानपान कमी केला तर सोयरे काय म्हणतील, मंडळाचं पद सोडलं तर गाव काय म्हणेल!

तेव्हा पहिलं काम हे, की या हंगामात एक तरी गोष्ट टाका. काय टाकायचं ते घरात बसून ठरवा. आम्ही दोन पदं होती त्यातलं एक सोडलं आणि रात्री नऊनंतर फोन घेणं बंद केलं. पहिला महिना लोक रागावले. मग सकाळी फोन करू लागले.

दुसरं काम, कर्ज कागदावर मांडा. डोक्यात ठेवलेलं कर्ज रात्री दुप्पट होतं. कोणाचं, किती, व्याज काय, तारीख कोणती, आणि कोणाशी बोलून मुदत मिळेल, असे पाच रकाने करा. मांडताना बायकोला आणि कळत्या पोराला जवळ बसवा. पुष्कळ घरांत खरा आकडा एकट्यालाच माहीत असतो आणि तो एकटेपणा आकड्यापेक्षा जड होतो. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेल्या भागात पीककर्जाचं पुनर्गठन मागता येतं. तो अर्ज घेऊन एकट्याने बँकेत जाऊ नका, गावातले पाच जण मिळून जा, आम्हीही येऊ. आपल्या हातात काही नाही, या दुखण्यावर पाच माणसांनी मिळून बोलणं हा मोठा उतारा आहे. संघटना उभी राहिली ती यासाठीच.

तिसरं काम, मुळाला खुराक द्या. रोज एकाच वेळी झोपा. दारूने गुंगी येते, पण झोप उथळ होते आणि सकाळ आणखी वाईट जाते. ज्या सकाळचं आम्ही बोलतो आहोत, ती दारू पहिली खाते. दिवसातला एक तास असा ठेवा, की ज्यात भाव, कर्ज, पाऊस यातलं काही नाही. कोणी भजनाला बसेल, कोणी बैल धुवेल, कोणी नातवाला घेऊन नदीवर जाईल. आणि एक माणूस असा ठेवा, ज्याच्यापुढे खोटं हसावं लागत नाही.

मायबहिणींबद्दल एक बोललंच पाहिजे. पुरुष थकला की खाटेवर पडतो. ती दिवसभर ओटी बांधून कापूस वेचते, घरी येऊन चूल पेटवते, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठते. तिचा थकवा आपण मोजतच नाही. आपण टाकलेलं काम तिच्याकडे गेलं, तर ओझं कमी झालं नाही, नुसता खांदा बदलला. काय टाकायचं हे ठरवताना तिची यादी आधी घ्या.

आणि घाई करू नका. पुरतं लाल झालेलं पान परत हिरवं होत नाही. मॅग्नेशियम दिलं, नत्र दिलं, तर पुढची पालवी हिरवी येते. आम्हाला सावरायला वर्षाच्या वर लागलं. गेलेला काळ परत आला नाही, पण आता पारावर कोणी बोलू लागला तर ऐकावंसं वाटतं.

लाल्याच्या पुढे गेलं तर

आता बोलतो ते नीट ऐका. कधी कधी हा थकवा राहत नाही, त्याचं नैराश्य होतं, आणि तो आजार आहे. दोन आठवडे झोप नाही, अन्नाला चव नाही, माणूस बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, 'माझ्यामागे पोरांचं बघा' म्हणतो, तर वाट बघू नका. त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, 'जगणं नकोसं वाटतं का?' विचारल्याने त्याच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं, याने त्याचा जीव हलका होतो. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा, आणि त्याला जिल्हा रुग्णालयात न्या. 14416 हा सरकारचा टेलिमानस फोन 2022 पासून चालू आहे. पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. हा आकडा आज घरी जाऊन चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहा.

कोणी जिवाचं काही करून घेण्याचा प्रयत्न केलाच, तर पोलीस केसच्या भीतीने दवाखान्यात न्यायला घरचे कचरतात. कचरू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ठरवलं आहे, की असा माणूस जबर ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी आहे.

कोणी म्हणेल, खेड्यात मनाचा डॉक्टर कुठून आणायचा? आपल्याच अमरावती जिल्ह्यात 30 गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावपातळीवरच्या साध्या माणसांना शिकवलं, ती घरोघरी जाऊन बोलली, आणि गरज पडेल तिथे डॉक्टरांपर्यंत नेलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातली चारच माणसं कोणाची तरी मदत घेत होती. दीड वर्षाने 27 घेऊ लागली. त्याचा अहवाल 2017 साली छापून आला. म्हणजे हे आपल्याला जमण्यासारखं काम आहे.

संघटनेची चूक आणि ठराव

शेवटी आमच्या घरातली गोष्ट. बोंडअळीच्या वर्षी आम्ही तिघे होतो असं म्हणालो. त्यातला एक जण चैत्रात यायचा बंद झाला. निरोप गेले, तो आला नाही. आम्ही त्याला पळपुटा म्हटलं, आणि हे चार लोकांत म्हटलं. त्याच्यावरही तोच लाल्या होता. आमच्याकडे हुरडा घेऊन एक म्हातारा आला, त्याच्याकडे कोणीच गेलं नाही. गेल्या वर्षी आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला, पिकापाण्याचं बोलला, आणि परत येत नाही म्हणाला. आम्ही आग्रह केला नाही. चांगला कार्यकर्ता आम्ही गमावला, आणि तो सरकारने किंवा व्यापाऱ्याने नेला नाही.

म्हणून संध्याकाळच्या सत्रात चार कलमांचा ठराव मांडणार आहोत. एक, कोणाही कार्यकर्त्याकडे एकाहून जास्त पद नको. दोन, गावची सभा रात्री नऊच्या आत संपवायची. तीन, प्रत्येक कार्यकर्त्याला वर्षातून एक महिना पाळीने सुट्टी, आणि त्या महिन्यात त्याला निरोप धाडायचा नाही. चार, प्रत्येक गावात एक बाई आणि एक पुरुष असे दोन जण नेमायचे. त्यांनी आठवड्यातून एकदा, ज्या घरात माणूस गप्प झाला आहे तिथे जाऊन बसायचं. अर्ज नको, वर्गणी नको, नुसती विचारपूस.

चौथ्या कलमासाठी नावं आजच द्यायची आहेत. आमच्या गावातून आम्ही त्या हुरडावाल्या गृहस्थांचं नाव विचारलं होतं. ते म्हणाले, 'मी आधीपासून जातोच आहे, नाव कशाला लिहिता?' तरी लिहिलं आहे. आता तुमच्या गावची नावं सांगा.

एवढं बोलून आम्ही थांबतो. मागच्या रांगेतल्यांना आता उठवा, चहा आला आहे.